संदीपने सांगितलेला शेवट

मला ओळखीचे-अनोळखी लोक दोन कारणांसाठी फोन करतात. एक तर त्यांच्या घरात कुणाला तरी जीबीएस नावाचा नसांचा आजार झालेला असतो. नाहीतर त्यांना कोरियन मालिका बघायला सुरुवात करायची असते आणि कुठून करावी ते कळत नसतं. अलीकडे एकाच फोनवर दोन्ही प्रश्न यायला लागले आहेत, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मालिकांची खरी नावं मी देणार नाही, कारण मला ती धड उच्चारता येत नाहीत. आमच्या घरात प्रत्येकीला आम्हीच नाव ठेवलेलं आहे. खानावळवाली, पालखीवाली, मिठागरवाली, दीपगृहवाली. कोरियन बघणाऱ्या कुठल्याही कॉलेजच्या मुलीला वर्णन सांगा, ती शोधून देईल.

झाकण

मी रोहिणी. घर इंदिरानगरला, नोकरी पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाऊसमध्ये. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांच्या पॅकिंगवर लक्ष ठेवायचं काम. जेवणाच्या सुट्टीत मी आणि माझ्याबरोबर काम करणारी कल्पना मोबाइल डब्याला टेकवून उभा करायचो आणि जेवता जेवता एक भाग बघायचो. पॅकहाऊसमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, काय बघायचं ते रोहिणी मॅडमना विचारायचं.

सीझन भरात होता. आधीच्या आठवड्यात माझं पोट बिघडलं होतं, ते बरंही झालं होतं. त्या दिवशी सकाळपासून तळपायांना मुंग्या येत होत्या. गार खोलीत उभं राहून येतात तशाच, म्हणून लक्ष दिलं नाही. दुपारी एका बाईला दाखवायला म्हणून मी पनेट हातात घेतलं. पनेट म्हणजे द्राक्षांचा तो प्लॅस्टिकचा डबा. त्याचं झाकण अंगठ्याने दाबलं की टक् करून बसतं. मी दाबलं, बसलं नाही. पुन्हा दाबलं. अंगठा झाकणावर होता, पण दाबत नव्हता.

"मॅडम, द्या इकडं," त्या बाईने ते माझ्या हातातून घेतलं आणि टक् करून लावलं.

संध्याकाळी घराचा जिना मी कठड्याला धरून चढले. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात पाय एकदम दुमडले आणि मी खाली बसले. पडले नाही, बसलेच. उठता मात्र येईना. माझ्या सासूबाई मूळच्या सटाण्याच्या. एरवी आमच्यासारखंच बोलतात, घाबरल्या की अहिराणीवर येतात. दाराबाहेरून त्या ओरडत होत्या, "माय, काय व्हयनं तुले?"

हातोडी

आमचे फॅमिली डॉक्टर बोलघेवडे आहेत. तपासता तपासता द्राक्षाचा भाव विचारतात. त्या दिवशीही विचारला. मग त्यांनी मला टेबलावर पाय लोंबते सोडून बसवलं आणि गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर मारली, तोही नाही. परत पहिल्यावर मारली, जरा जोरात, आणि त्यांचं बोलणं थांबलं.

"संदीप, गाडी आणलीय ना?" ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "घरी जाऊ नका. इथूनच हॉस्पिटलला जा. मी फोन करून ठेवतो."

"उद्या सकाळी गेलं तर?" मी विचारलं. दुसऱ्या दिवशी कंटेनर भरायचा होता.

"आत्ता," ते म्हणाले. हातोडी त्यांच्या हातातच होती.

हॉस्पिटलमधल्या न्यूरोलॉजिस्ट बाईंनी तपासण्या झाल्यावर पलंगाच्या कडेला बसून सांगितलं की आपलं शरीर जंतूंशी लढता लढता चुकून आपल्याच नसांवर उलटतं, त्याला जीबीएस म्हणतात. बहुतेक लोक बरे होतात. पण आधी ते वाढतं. पायांपासून सुरू होतं आणि वर चढतं.

"कुठपर्यंत?" संदीपने विचारलं.

"ते बघावं लागेल."

मला वाटलं होतं, आता सगळे माझे पाय बघतील. पायांकडे कुणी बघतच नव्हतं. जो येईल तो माझ्या छातीकडे बघायचा. सिस्टर थोड्या थोड्या वेळाने यायच्या आणि म्हणायच्या, "ताई, मोठा श्वास घ्या आणि एका दमात एकापासून मोजा." मी मोजायचे. सकाळी ज्या आकड्यापर्यंत जायचे तिथपर्यंत दुपारी जाता येत नव्हतं. सिस्टर काही बोलायच्या नाहीत, लिहून घ्यायच्या आणि जायच्या. त्यांनी खोटंखोटं "छान" म्हटलं असतं तरी मला चाललं असतं.

माझी मुलगी तन्वी अकरावीत आहे. तिने पाण्याच्या बाटलीला टेकवून माझ्यासमोर खानावळवाली लावली, कारण फोन आता माझ्या हातात राहत नव्हता. ही माझी सगळ्यात आवडती. एक विधवा बाई मासेमारीच्या बंदरात खानावळ काढते, बस, एवढीच गोष्ट. प्रत्येक भागात कुणीतरी रागावून येतं आणि जेवून जातं. तन्वीने आम्हा दोघींचा सेल्फी काढला आणि म्हणाली, "आई, हस ना."

मी हसले. फोटो बघितला तर त्यात मी हसत नव्हते.

तन्वीने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. त्याच संध्याकाळी मला आयसीयूत हलवलं आणि घशात नळी घातली.

वर म्हणजे हो

ज्यांच्या घरात हा आजार आलाय त्यांना एकच गोष्ट कळकळीने सांगते. माणूस आतून पूर्ण जागा असतो. मी हलू शकत नव्हते, बोलू शकत नव्हते, पापण्यासुद्धा नीट मिटत नव्हत्या, म्हणून झोपायच्या वेळी डोळ्यांत मलम घालून वर पट्टी लावायचे. पण मला ऐकू येत होतं, दुखत होतं. नाकाला खाज सुटायची आणि ती जाईपर्यंत वाट बघण्याशिवाय दुसरं काही करता येत नव्हतं.

बुबुळं तेवढी हलायची. मंगला सिस्टरनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, "ताई, वर बघितलं की हो, खाली बघितलं की नाही. चालेल?" मी वर बघितलं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारच्या पलंगाच्या सिस्टरला बोलावून ते पुन्हा करून दाखवायला लावलं.

घरच्यांना हे जमायला वेळ लागला. एकदा माझा मोठा भाऊ, दादा, आणि संदीप माझ्या पायथ्याशी उभे राहून भांडले.

"इथं ठेवून काय बघत बसलायत तुम्ही?" दादा म्हणाला. "मुंबईला हलवा तिला. लय उशीर व्हायला नको."

"मशीनवर आहे ती, दादा. घाटात काही झालं तर?"

"आणि इथं काही झालं तर?"

मी खाली बघत होते. पुन्हा पुन्हा खाली बघत होते, नाही, नाही, मला हलवू नका. दोघांपैकी एकाचंही माझ्या डोळ्यांकडे लक्ष नव्हतं. शेवटी मंगला सिस्टरनी दोघांना बाहेर काढलं आणि जाता जाता दादाला म्हणाल्या, "पेशंटला विचारा की! ती काय झोपलीये का?"

दादा परत आला, माझ्या तोंडाजवळ वाकला आणि हळूच विचारलं, "ताई, हितंच राहायचं का?" मी वर बघितलं. तो माझ्यापेक्षा मोठा आहे. त्याने मला कधी ताई म्हटलं नव्हतं.

संदीपचं बघणं

संदीप अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. माणूस मुळात कमी बोलणारा. घरी माझं बोलणं चालू असायचं म्हणून ते जाणवलं नाही. आयसीयूत ते फार जाणवलं. भेटायच्या वेळेत तो येऊन उभा राहायचा, "बरी आहेस ना?" म्हणायचा, मग मॉनिटरकडे बघायचा. आईने काय भाजी केली ते सांगायचा. ते सांगून झालं की आमच्याकडे काही उरायचं नाही, आणि वेळ तर उरलेला असायचा.

एके दिवशी तो आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "त्या खानावळवालीने त्या लांब केसांच्या माणसाला हाकलून दिलं. म्हणजे, दोघांचेही केस लांबच आहेत. तो, ज्याच्याकडे होडी आहे, तो."

मला कळेना हा काय म्हणतोय.

"तू बघतेस ती," तो म्हणाला. "बाहेर बसून बघितले दोन भाग. तुझ्या फोनवर. तसा वेळच असतो."

ज्या माणसाने इतकी वर्षं माझ्या मालिका चालू असताना वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, तो आयसीयूबाहेरच्या खुर्चीत बसून त्या बघत होता आणि मला येऊन सांगत होता. फार वाईट सांगायचा. बहीण कोण, मैत्रीण कोण, सगळा घोळ. एका माणसाला त्याने तीन दिवस मेलेला समजून सोडून दिलं आणि चौथ्या दिवशी तो जेवायला आला म्हणून गोंधळला. मी आडवी पडून आतल्या आत किंचाळत होते, अरे, तो त्याचा जुळा भाऊ आहे!

तो मग विचारायला लागला, "आता कुठली बघू? मिठागराची बघू?" मी खाली बघायचे. ती दोन बहिणींच्या वाटणीची आहे, घरात आधीच दादाचं आणि त्याचं वाजलेलं. "मग ती राजवाड्याची?" मी वर. पालखीवाली. राजाच्या पालखीचा भोई, ज्याच्या कानावर वाटेत सगळी गुपितं पडतात आणि जो कुणाला काही सांगू शकत नाही. ही मी त्याला मुद्दाम दिली. त्याला ती कळली. दुसऱ्या भागानंतर येऊन म्हणाला, "तू पण सगळं ऐकत असतेस, नाही का?" आणि त्यानंतर माझ्या पायथ्याशी उभं राहून कुणी काही बोललेलं त्याने चालवून घेतलं नाही.

दीपगृहवाली

पुढची मालिका त्याने स्वतः निवडली.

"ही एक तू अर्धवट सोडलेली आहेस," तो म्हणाला. "दीपगृहाची. मी पूर्ण करतो आणि सांगतो."

मी ती अर्धवट सोडलेली नव्हती. निम्मी घरी बघितली होती आणि उरलेली पॅकहाऊसमध्ये कल्पनाच्या फोनवर. माझ्या फोनला ते माहीत नव्हतं आणि संदीपलाही. मी खाली बघायला हवं होतं. पण त्याच्या तोंडून ती ऐकायची मला इच्छा झाली, म्हणून मी वर बघितलं.

गोष्ट अशी आहे. एका बेटावर दीपगृह सांभाळणाऱ्याची मुलगी आहे. तिला शहरात शिकायला जायचंय, बाप सोडत नाही, एक नकाशे काढणारा बेटावर येतो. पहिला निम्मा भाग गमतीचा आहे. मग तिला खोकला सुरू होतो. शेवटच्या भागात ती जाते. फार रडारड नाही, नुसता दिवा फिरत राहतो. मी आणि कल्पना त्या दुपारी डबा तसाच ठेवून उठलो होतो.

संदीप आता बरं सांगायला लागला होता. नावं जमत होती. बापाचं आणि मुलीचं भांडण त्याने इतकं मन लावून सांगितलं की शेजारच्या पलंगाजवळची सिस्टर ऐकत उभी राहिली. खोकल्यापर्यंत आला, खोकलाही सांगितला.

त्या सुमारास माझी तब्येत बिघडत होती. मला ते शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं, पण कळत होतं. ताप येत होता. रक्तदाब नुसता वर-खाली व्हायचा, मग मॉनिटर वाजायचा आणि तीन-चार जण धावत यायचे. डॉक्टर बाई पूर्वी माझ्याशी बोलायच्या, आता माझ्या फाइलशी बोलत होत्या. गळ्याला छोटं भोक पाडून तिथून नळी बसवली होती. सासूबाई येऊन माझ्या कपाळाला अंगारा लावून गेल्या. त्र्यंबकेश्वरहून आणला होता. लावताना त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, अहिराणीतसुद्धा नाही.

आणि संदीपची गोष्ट बदलायला लागली.

"डॉक्टरांनी तपासलं तिला," तो म्हणाला. "काही विशेष नाही म्हणाले. अशक्तपणा आहे."

तसं नव्हतं. त्या भागात डॉक्टर तिच्या बापाला बाजूला घेतो. बाप समुद्राकडे तोंड करून ऐकतो आणि घरी येऊन तिला सांगतो की काही विशेष नाही. मला तो प्रसंग शब्दन् शब्द आठवत होता. मी संदीपकडे बघितलं. तो पलंगाच्या कठड्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळं उरकूनच टाकलं. "संपली ती. बरी होते. एकदम ठणठणीत. शेवटच्या भागात दीपगृहाच्या पायऱ्या चढून वरपर्यंत जाते, स्वतःच्या पायांनी, आणि सगळे खाली उभे राहून बघतात. तो नकाशेवालाही असतो. चांगला केलाय शेवट."

एवढं सलग तो आयुष्यात बोलला नव्हता.

तेव्हा मला कळलं. डॉक्टरांनी यालाही बाजूला घेतलं आहे.

मला हाक मारायची होती. माझ्या अंगातलं काहीच हललं नाही, फक्त छातीत धडधडायला लागलं आणि मॉनिटर वाजायला लागला. लाल दिवा. सिस्टर धावत आल्या. "साहेब, बाहेर व्हा, बाहेर व्हा." संदीप मागे मागे सरकत गेला, आणि पडदा ओढला जाईपर्यंत मी त्याचा चेहरा बघत होते. त्याला वाटलं, हे तेच आहे. ज्याबद्दल त्याला सांगितलं होतं, ते आता होतंय.

तन्वी

त्यानंतरचा काळ मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. कुणीतरी छातीचा फोटो काढायला थंडगार पाटी पाठीखाली सरकवायचं. कुणीतरी नळीतून कफ ओढायचं आणि ओढताना जीव गेल्यासारखा वाटायचा. मी मरणाचा विचार करत होते असं म्हणता येणार नाही. आठवड्याच्या किराण्यासारखे विचार यायचे. तन्वीचा क्लास. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, त्या स्वतःहून घेत नाहीत.

मंगला सिस्टरनी मुळाक्षरांचा मोठा तक्ता आणला होता. त्या ओळीवर बोट ठेवायच्या, मी वर बघितलं की त्या ओळीतल्या एकेका अक्षरावर यायच्या. एक शब्द व्हायला फार वेळ लागायचा. मी शुद्धीवर असलेल्या एका सकाळी त्यांनी तक्ता धरला. मी "त" वर थांबले, मग "न". पुढचं त्यांनी विचारलंच नाही.

लहान मुलांना आत सोडत नसत. तन्वी तशी लहान नाही, पण मोठीही नाही. सिस्टरनी डॉक्टर बाईंशी काय बोलणं केलं माहीत नाही. तन्वी आली, मास्क लावून, केस टोपीत कोंबून. पॅकहाऊसमधल्या बायकांसारखी दिसत होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती माझ्या डोळ्यांसमोर येईल अशी नीट उभी राहिली आणि म्हणाली,

"आई, बाबांनी तुला दीपगृहवालीचा शेवट खोटा सांगितलाय ना?"

मी वर बघितलं.

"मला वाटलंच. मला म्हणाले, शेवट सांगून टाकला, पण त्यांनी शेवटचा भाग बघितलेलाच नाहीये. मी फोन बघितला. तो तसाच आहे, चालूच केलेला नाही." तिने मास्क नाकावर नीट ओढला. "मी सांगू का तुला काय चाललंय ते? तुझ्याबद्दल?"

मी वर बघितलं. ती खात्री करून घ्यायला पुन्हा म्हणाली, "खरं सांगू? नक्की?" मी वर बघत राहिले.

"फुप्फुसात इन्फेक्शन झालंय. औषध बदललंय, ते लागू पडतं की नाही ते अजून कळत नाहीये. बीपीचाही प्रॉब्लेम आहे. डॉक्टर म्हणाल्या, पुढचे काही दिवस अवघड आहेत. नातेवाइकांना कळवून ठेवा म्हणाल्या. बाबांनी कुणालाच कळवलेलं नाही. दादामामालाही नाही." इथे तिचा आवाज गेला. तिने तो परत आणला. "पण जीबीएस आता वर चढत नाहीये. ते थांबलंय. हेही त्यांनीच सांगितलंय. दोन्ही खरं आहे, आई."

मला भीती वाटली. ती आधीपेक्षा कमी होती असं नाही. पण आता आम्ही दोघी एकाच गोष्टीला घाबरत होतो. तिने माझा हात धरला, जो मला जाणवत होता आणि हलवता येत नव्हता, आणि वेळ संपेपर्यंत ती तिच्या केमिस्ट्रीच्या बाईंना शिव्या घालत बसली.

बोलणं

औषध लागू पडलं. कधी ते मला सांगता येणार नाही. मॉनिटर वाजणं कमी झालं, डॉक्टर बाई पुन्हा माझ्याशी बोलायला लागल्या, आणि एके सकाळी मंगला सिस्टर मला कुशीवर वळवत असताना ओरडल्या, "ताई, खांदा तुम्ही उचलला का?" मीच उचलला होता.

गेलं ते वरून खाली परत आलं. आधी खांदे, मान, चेहरा. मशीन थोडा वेळ काढायचे, मग जास्त वेळ. गळ्याच्या नळीवर एक छोटं झाकण बसवलं की हवा वर जाते आणि आवाज निघतो, असं सांगितलं. ते बसवलं त्या दिवशी संदीपला मुद्दाम थांबवून घेतलं होतं. सिस्टर, फिजिओथेरपीवाला, सगळे उभे. "ताई, साहेबांशी बोला काहीतरी."

आवाज माझा नव्हता. गंजलेल्या बिजागरीसारखा होता. मी म्हणाले, "ती मरते."

सिस्टरच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. संदीपला कळलं.

"माहितीये," तो म्हणाला. मग पलंगाच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून तो इतका रडला की फिजिओथेरपीवाल्याने त्याला खुर्ची आणून दिली.

घरी आले तेव्हा द्राक्षांचा सीझन कधीच संपला होता. दोन माणसं धरून उभं करायची. पुढे वॉकर आला, मग काठी. डावं पाऊल अजून उचललं जात नाही. बुटात पट्टी घालून चालते. गरम आणि गार बोटांना उशिरा कळतं, म्हणून तवा सासूबाई मला हाताळू देत नाहीत. कधी पायाला साध्या मुंग्या आल्या तरी घरातले सगळे जागच्या जागी थांबतात आणि माझ्याकडे बघतात. मी पाय झटकते, अंगठा बोटावर दाबून बघते, "काही नाही" म्हणते. मग सगळे पुन्हा हलायला लागतात. हे जात नाही. जाईल असं मी कुणाला सांगतही नाही.

संदीपने शेवटचा भाग अजून बघितलेला नाही. मी दोनदा विचारलं. "बघू नंतर," म्हणतो.

नव्याने बघणाऱ्यांना

आता तुम्ही विचारता त्याबद्दल. सुरुवात खानावळवालीने करा. पहिले दोन भाग कुणाचं नाव लक्षात राहणार नाही, चेहरे सारखे वाटतील, सोडून द्यावंसं वाटेल. सोडू नका. चेहऱ्याऐवजी कपडे लक्षात ठेवा, तिसऱ्या भागापर्यंत सगळे घरचे होतात. उपाशीपोटी मात्र बघू नका.

धडधाकट असाल तर कोरियनमध्येच ऐका, खाली अक्षरं वाचा. त्यांचं रागावणं आपल्यासारखंच आहे, ते हिंदीत उतरत नाही. पण आजारी माणसाला हिंदीतली लावून द्या. त्याचे डोळे थकतात, कधी पट्टीखाली असतात, त्याने अक्षरं कधी वाचायची? दवाखान्याच्या, डॉक्टरांच्या मालिका कितीही चांगल्या असल्या तरी दवाखान्यात नकोत. पालखीवाली फार लांबलचक आहे, ती घरी आल्यावरच्या महिन्यांसाठी ठेवा. व्यायामाचा कंटाळा येतो, तेव्हा भोई चालतोय तोवर आपण पाय हलवायचे. मिठागरवाली सांभाळणाऱ्यांनी बघावी, पेशंटने नाही. घरात आजारपण असलं की जी भांडणं होतात ती सगळी त्यात आहेत, आणि आपण एकटेच असे वागलो नाही हे कळून बरं वाटतं.

दीपगृहवाली मी कुणाला सुचवत नाही. सगळ्यात चांगली तीच आहे.

कालचं

सध्या ओझरच्या एका मुलीचे मला निरोप येतात. पूजा तिचं नाव. नवरा कॉलेजात शिकवतो. त्याच्या पायांत मुंग्या, मग जिना चढवेना, मग हॉस्पिटल. तिला माझा नंबर मंगला सिस्टरनी दिला. मी काठी टेकत त्याला भेटून आले. तो बोलत होता, गमती करत होता, आणि मधेच दम घ्यायला थांबत होता. तो थांबला की मी त्याच्या छातीकडे बघत होते. आपण काय करतोय ते माझ्या लक्षात आलं आणि मी खिडकीकडे बघायला लागले.

पूजाला मी खानावळवाली सांगितली. ती रोज सकाळी कळवायची, चौथा झाला, पाचवा झाला, यांना ती म्हातारी आवडते. काल सकाळी काही आलं नाही. दुपारीही नाही. मी फोन केला, उचलला नाही. संदीप कामावरून आला आणि मला बघून शेजारी येऊन बसला. आज हे लिहीत असताना तिचा निरोप आला.

"काल दुपारी ट्यूब टाकली ताई. डॉक्टर म्हणाले बघावं लागेल. ते डोळे उघडतात. खानावळवाली आता नको वाटते, त्यात सारखी जेवणं आहेत आणि यांना आता जेवता येत नाही. दुसरी कुठली लावू?"

मी बराच वेळ विचार केला. मग आठवलं, एक आहे, जी मी इथे सांगितलीच नाही कारण तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. डोंगरातल्या एका गावाची बस आहे, तिचा ड्रायव्हर आहे आणि कंडक्टर बाई आहे. मी तिला ती लिहून पाठवली. हिंदीत मिळते, हेही लिहिलं. बाहेर बसून बघू नकोस, आत त्यांच्याजवळ बसून बघ, असंही लिहिलं.

"त्यात काय होतं?" तिने विचारलं.

"काही होत नाही," मी लिहिलं. "रोज सकाळी गाडी सुटते, संध्याकाळी परत येते."

लगेच उत्तर आलं. "हीच लावते."